हात पाठीमागे

मलावी हा आफ्रिकेच्या दक्षिण भागातला एक छोटा देश आहे. त्या देशातली गरिबी कशी कमी होते आहे यावरचा एक जाडजूड अहवाल गेल्या महिन्यात माझ्या टेबलावर आला. मी भोपाळमध्ये ग्रामविकासाचं प्रशिक्षण देणाऱ्या एका संस्थेत नोकरी करतो आणि असे अहवाल वाचून त्यांचा सारांश काढणं हे माझं काम. रस्ते, मक्याचं बियाणं, मुलींच्या शाळा, बचतगट अशी नेहमीची प्रकरणं होती. पिण्याच्या पाण्याच्या प्रकरणात एका हातपंपाचा फोटो होता. पंपाला फुलांची माळ घातलेली, हँडलवर एका साहेबांचा हात, खाली पाण्याची धार, बाजूला टाळ्या वाजवणारी चार माणसं. मी पान उलटलं आणि पुढचा परिच्छेद वाचायला घेतला.

लांजेवार काका जाऊन त्या दिवशी अकरा दिवस झाले होते. फोटो पाहून मला भरून यायला हवं होतं. आलं नाही. घाटावरही आलं नव्हतं. मी आपला लाकडं नीट रचली आहेत की नाहीत ते बघत होतो. माझी बायको म्हणते, तू दगड आहेस. असेन. पण फोटोत बाई एकही नाही, हे माझ्या लक्षात आलं. काकांच्या शेजारी पंधरा वर्षं राहिल्याचा तेवढा परिणाम आहे.

मनोहर लांजेवार मूळचे नागपूरचे. माझे आजोबाही नागपूरचेच, सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले आणि इथलेच झाले. काका आले ते गोविंदपुऱ्यातल्या हातपंपाच्या एका कारखान्यात फिटर म्हणून, आणि फोरमन होऊन रिटायर झाले. अवधपुरीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. उंच, हडकुळा माणूस. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पँट पोटाच्या बरीच वर, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. आणि दोन्ही हात कायम पाठीमागे, डाव्या हाताने उजवं मनगट पकडलेलं. दूध आणायला गेले तरी पिशवी पाठीमागे लोंबायची. कॉलनीतली मुलं त्यांना मागून ‘जेलर साहब’ म्हणायची आणि काकांना ते माहीत होतं.

आता फोरमन माणूस शेजारी राहायला आला म्हटल्यावर कॉलनीला आनंद झाला. भोपाळात मे महिना म्हणजे कूलर, आणि कूलर म्हणजे ऐन दुपारी बंद पडणारा पंप. समोरच्या त्रिपाठींचा कूलर पहिल्याच उन्हाळ्यात बसला. त्यांनी काकांना हाक मारली. काका गेले, कूलरसमोर उभे राहिले, हात पाठीमागे.

“खोलिए,” काका म्हणाले.

“मैं?” त्रिपाठी म्हणाले.

“तो और कौन? मैं खड़ा हूँ ना.”

त्रिपाठी बँकेतले मॅनेजर. त्यांनी आयुष्यात स्क्रू ड्रायव्हर हातात धरला नव्हता. दीड तास ते बनियनवर घाम गाळत होते. काका फक्त बोलत होते. तो नाही, त्याच्या खालचा. उलटा फिरवताय. वायर ओढू नका. शेवटी पंप चालला. त्रिपाठी भाभींनी सरबत दिलं आणि थोडं चिडूनच म्हणाल्या, “भाईसाहब, आप ही कर देते तो दस मिनट लगते.”

“मैं कर दूँगा तो आप अगले साल फिर बुलाएँगी.”

“तो आ जाइएगा. सामने ही तो रहते हैं!”

काका सरबत संपवून घरी आले. पुढच्या उन्हाळ्यात त्रिपाठींनी मिस्त्री बोलावला. काकांना मात्र कोणी बोलावलं नाही. हळूहळू सगळ्यांनीच बोलावणं सोडलं. इतका जाणकार माणूस इतका निरुपयोगी असू शकतो, यावर कॉलनीचं एकमत झालं.

सगळ्यात जास्त राग काकूंना यायचा. शालूकाकू म्हणजे बोलायला एकदम मोकळ्या. “प्रशांत, तुला सांगते, या माणसानं लग्नापासून मला एक बल्ब लावून दिला नाही, असं नाही. पहिले लावून द्यायचे. त्या आफ्रिकेहून आले अन् हात बांधून बसले. सिलिंडर मी लावते, फ्यूज मी बांधते, टाकीवर मी चढते. अन् हे खाली उभे. म्हणतात काय, मी उभा आहे ना!”

“मग शिकली की नाही?” काका आतून म्हणायचे.

“मला शिकायचं होतं का, विचारलं तुम्ही?”

यावर काका अंगणात जाऊन उभे राहायचे.

आफ्रिकेची गोष्ट अशी. काकांच्या कारखान्याला मलावीला पंप पुरवण्याचं काम मिळालं होतं, आणि पंपांबरोबर ते बसवून देणारा, शिकवणारा माणूसही पाठवायचा होता. काकांना पाठवलं. दोन वर्षं ते तिथे होते. पंप बसवणं सोपं होतं. खरं काम पुढचं. प्रत्येक गावात बायकांची एक समिती करायची, कारण पाणी त्याच भरतात, आणि पंप दुरुस्त करायला त्यांना शिकवायचं. हातपंपात मोडण्यासारखं फार काही नसतं. झिजतो तो जमिनीखालचा चामड्याचा वॉशर, वाटीच्या आकाराचा. तो बदलायचा तर वरचं डोकं उघडायचं, लांब सळ्या एकेक करून वर ओढायच्या, वॉशर बदलून सगळं परत खाली सोडायचं. वाटीचं तोंड वर पाहिजे. उलटा बसला तर हँडल मारत बसा, पाणी येणार नाही.

काकांचा नियम होता की समितीने पंप तीनदा उघडून तीनदा जोडायचा, आणि त्या वेळी काकांचे हात पाठीमागे. तीनदा झालं की पान्यांची पेटी गावाच्या ताब्यात द्यायची आणि पुढच्या गावाला जायचं. हा नियम कारखान्याचा नव्हता, त्यांचा स्वतःचा होता. पहिल्यांदा चुकतात, दुसऱ्यांदा घाबरतात, तिसऱ्यांदा भांडतात, असं ते म्हणायचे. “भांडायला लागल्या ना, की समजायचं पंप त्यांचा झाला.”

या गोष्टी ते मजेत सांगायचे. एका गावात एका म्हातारीने त्यांना विचारलं होतं की तुमच्या देशात पुरुषांचे हात असेच बांधलेले असतात का. तिथे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा करून भाजीबरोबर खातात, त्याला एन्सिमा म्हणतात. तो काकांना इतका आवडला की भोपाळला येऊन त्यांनी काकूंना करायला लावला. काकू म्हणाल्या, ही तर आपली उकडच, मिरची विसरलेली.

पण घरात भिंतीवर एक फोटो उलटा लावलेला होता. म्हणजे चौकट भिंतीवर होती आणि फोटोची पाठ आपल्याकडे. आम्ही शेजारी म्हणून सुरुवातीला विचारलं नाही, मग सवय झाली. एकदा दिवाळीच्या आधी भिंती रंगवायला काढल्या, तेव्हा चौकट माझ्या हातात आली आणि मी ती सरळ केली. माळ घातलेला हातपंप. हँडलवर तरुण काका. पाण्याची धार. शेजारी गॉगल लावलेला एक मोठा अधिकारी.

“काका, हा फोटो तर छान आहे. उलटा काहून?”

काका स्टुलावर बसले. त्या दिवशी त्यांनी जे सांगितलं, ते कालच्या भाजीबद्दल सांगावं तशा आवाजात सांगितलं.

ते शेवटचं गाव होतं. गावाचं नाव ते कधी घेत नसत, ‘ते गाव’ म्हणायचे. तिथे एस्नाथ नावाची एक बाई समितीची प्रमुख होती. उंच, कमी बोलणारी, हात एकदम पक्के. दोनदा पंप उघडून जोडून झाला होता. तिसऱ्यांदा उघडायचा दिवस आणि उद्घाटनाचा दिवस एकच आला. साहेब अकराला येणार होते. बायकांनी सकाळी पंप उघडला, जोडला, हँडल मारलं. पाणी नाही. वॉशर उलटा बसला होता. काकांना ते आधीच दिसलं होतं, पण ते बोलले नाहीत. एस्नाथ बाकीच्यांना काहीतरी रागावून बोलली, भांडण लागलं, आणि तिने पंप परत खोलायला घेतला.

“म्हणजे बरोबर चाललं होतं,” काका म्हणाले. “भांडत होत्या. अर्धा तास पाहिजे होता फक्त. अन् तिकडून धूळ दिसली. गाड्यांची.”

मग काकांनी एस्नाथच्या हातातून पाना घेतला.

त्यांनी सळ्या ओढल्या, वॉशर सरळ केला, सगळं जोडलं. साहेब गाडीतून उतरले तेव्हा पाणी येत होतं. टाळ्या झाल्या, माळ घातली, फोटो निघाला. कारखान्याने पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर तोच छापला. दोन दिवसांनी काकांचं विमान होतं. पान्यांची पेटी गावाला दिली ती त्यांच्या मदतनिसाने, घाईत, गाडीतूनच.

“एस्नाथ कुठे आहे यात?” मी फोटोत शोधत होतो.

“बाहेर आहे. इथं, या बाजूला.” त्यांनी चौकटीच्या बाहेर, भिंतीवर बोट ठेवलं. “पाना घेतल्यावर ती बाजूला जाऊन उभी राहिली. हात असे खाली सोडलेले.”

वर्षभराने तिथल्या ड्रायव्हरचं पत्र आलं. ते गाव सोडून बाकी सगळीकडे पंप चालू आहेत. त्या गावचा बंद पडला आणि बायकांनी त्याला हात लावला नाही. पेटी पडून आहे. त्या म्हणतात, हा पंप तो भारतीय माणूस दुरुस्त करतो, तो येईल. परत टेकडीखालच्या डबक्यावरून पाणी आणतात. काकांनी कारखान्यात साहेबांना विचारलं, मला पाठवा, आठ दिवसांत येतो. साहेब म्हणाले, लांजेवार, काम पूर्ण झालंय, कॅलेंडर बघा. ड्रायव्हरला त्यांनी चार पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही. नंतर कारखानाही बंद पडला.

“डबकं किती लांब?” मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

“जाऊन येऊन दोन तास. डोक्यावर बादली.” काका उठले. “तो उलटाच लाव.”

मी उलटाच लावला. त्या दिवसापासून मला एक गोष्ट कळली, जी काकूंना आधीपासून माहीत होती. या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. त्या गावचा पंप परत सुरू झाला का, आणि तो कोणाच्या हाताने. देवळात जाऊन लोक काय काय मागतात. काका हेच मागत असणार.

मागच्या पावसाळ्यानंतर आमच्या संस्थेत परदेशी अधिकाऱ्यांचा एक वर्ग आला. त्यात मलावीचे एक फिरी म्हणून होते, जिल्हा पातळीवर पाणीपुरवठ्याचं काम बघणारे. मी त्यांना एका रविवारी दुपारी काकांकडे जेवायला घेऊन गेलो. काकूंनी एन्सिमा केला, पिवळ्या मक्याचा, कारण पांढरा मिळाला नाही. फिरींनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले की दोन महिन्यांनी आज जेवलो. काकू खूश झाल्या आणि त्यांना तिसऱ्यांदा वाढायला लागल्या.

फिरी भरपूर बोलले. देश बदलतो आहे म्हणाले. गावागावांत फोन पोचले, मुली शाळेत टिकतात, रस्ते झाले. आणि अजून खूप ठिकाणी काहीच झालेलं नाही, हेही म्हणाले. काका ऐकत होते. मध्येच त्यांनी त्यांच्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, “पंप?”

फिरी हसले. “आम्ही बसवलेले पंप मोजतो, सर. चालणारे कोणी मोजत नाही.”

काकांनी उठून एक कागद आणला. त्यावर गावाचं नाव, जिल्हा आणि एस्नाथचं नाव इंग्रजीत लिहिलेलं होतं. अक्षर सुबक होतं, बहुधा खूप वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेलं. फिरींनी वाचलं. गाव त्यांच्या शेजारच्या जिल्ह्यातलं निघालं. ते म्हणाले, परत गेलो की स्वतः जाईन. काकांनी मान हलवली. फिरींना सोडायला फाटकापर्यंत आले आणि हात पाठीमागे बांधून, ती टॅक्सी वळेपर्यंत उभे राहिले.

डिसेंबरात काकांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं राहिलं, पण जड, शब्द ओढून काढल्यासारखे. दवाखान्यातून आले तेव्हा मी त्यांना खुर्चीत बसवलं, आणि त्यांचा उजवा हात मांडीवर नुसता पडून होता. त्यांच्याकडे समोरून बघताना काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग लक्षात आलं की इतक्या वर्षांत मी त्यांचे हात असे पुढे पडलेले पाहिलेच नव्हते. काकू त्यांना भरवायच्या. डाव्या हाताने ते घास स्वतः घ्यायचा प्रयत्न करत, सांडत, आणि काकू पुसत.

रोज संध्याकाळी मी ऑफिसातून आलो की ते विचारायचे, “काही?” मी म्हणायचो, नाही काका. तीन महिने मी हेच म्हणत होतो. शेवटी शेवटी मला त्या प्रश्नाचा कंटाळा आला होता, हेही सांगून टाकतो. मी गाडी लावून हळूच घरात शिरायला लागलो होतो.

मग एका शनिवारी सकाळी फिरींचा निरोप आला. एक व्हिडिओ आणि खाली सहा-सात ओळी. मी चप्पल न घालता शेजारी गेलो.

काका अंगणात खुर्चीत होते. मी त्यांच्यासमोर फोन धरला. काकू मागे येऊन उभ्या राहिल्या.

लाल माती. हातपंप, रंग पूर्ण गेलेला. त्याचं डोकं काढून बाजूला ठेवलेलं. विशीतली एक बाई सळ्या ओढून वर काढते आहे, दोघीजणी धरताहेत. वॉशर निघाला. तिने नवा बसवला. फोन धरणारा माणूस जवळ गेला, वॉशर अगदी स्पष्ट दिसला.

“उलटा,” काका म्हणाले.

“काय?”

“उलटा... घालून राहिली.”

त्या मुलीने सळ्या खाली सोडल्या, डोकं बसवलं, हँडल मारलं. पाच वेळा, दहा वेळा. पाणी नाही. बायका एकदम बोलायला लागल्या. एक ओरडली, दुसरी तिच्यावर ओरडली. फोन फिरला आणि झाडाखाली उभी असलेली एक उंच म्हातारी दिसली. डोक्याला फडकं बांधलेलं. सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. तिचे दोन्ही हात पाठीमागे होते.

“एस्नाथ,” काका म्हणाले.

ती मुलगी थोडा वेळ उभी राहिली. मग तिने पाना उचलला आणि पंपाचं डोकं परत खोलायला घेतलं. तिथेच व्हिडिओ संपला.

“अगं बाई, पण पाणी आलं का?” काकूंनी विचारलं.

“येईल,” काका म्हणाले. “नाही आलं... तर परत खोलेल.”

त्यांनी तो तीनदा बघितला. मग डाव्या हाताने फोनच्या खाली बोट दाखवलं. “वाच.”

मी फिरींचा मजकूर मराठीत करून वाचला. पंप बरीच वर्षं बंद होता. बायका वाट बघत राहिल्या. कोणीच आलं नाही. एका वर्षी डबक्याच्या पाण्याने गावात आजार पसरला, दोन मुलं गेली. त्यानंतर एस्नाथने पेटी उघडली आणि पंप खोलला. तेव्हापासून तो बंद राहिलेला नाही. आता ती सुनांना शिकवते आणि स्वतः हात लावत नाही.

मी थांबलो. एक ओळ राहिली होती. ती खाऊन टाकावी असं मला वाटलं. माणूस आजारी आहे, काय बिघडणार आहे.

“मुलं,” काका म्हणाले. गल्लीतून भाजीवाला गेला. काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मग ते म्हणाले, “माझ्याबद्दल... काही?”

त्यांनी विचारलं म्हणून मी वाचलं. “मी तिला तुमच्याबद्दल विचारलं. ती म्हणाली, हो, आठवतो. त्याने माझ्या हातातून पाना घेतला होता.”

काका फोनकडे बघत राहिले. स्क्रीन बंद झाली होती.

“बरोबर आहे,” ते म्हणाले.

त्यांच्या चेहऱ्यावर मला काही दिसलं नाही. मी म्हणालो, बरं काका, निघतो, आणि फोन खिशात टाकला. त्यानंतर पाचव्या दिवशी ते गेले, झोपेतच. त्या मधल्या चार दिवसांत मी ऑफिसच्या कामासाठी इंदूरला होतो. त्यामुळे त्या शनिवारी फाटकाशी मागे वळून पाहिलं, तेच माझं त्यांना शेवटचं बघणं.

ते खुर्चीत पुढे वाकले होते. डाव्या हाताने त्यांनी मांडीवरचं उजवं मनगट पकडलं होतं आणि तो हात ओढून पाठीमागे न्यायचा प्रयत्न चालला होता. हात कमरेपर्यंत यायचा आणि सुटून परत मांडीवर पडायचा. ते पुन्हा पकडायचे, पुन्हा ओढायचे. कपाळावर घाम होता. मी परत जायला एक पाऊल टाकलं.

काकू त्यांच्या मागे, दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. नुसता हात पुढे केला असता तर झालं असतं. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. आणि तिथेच उभ्या राहिल्या.